संथ नाडीचा तोरा

आमच्या पळणाऱ्या म्हाताऱ्यांत नाडी कमी असणं ही मिरवायची गोष्ट होती. रविवारी सकाळी पळायला निघायच्या आधी आम्ही स्टेडियमजवळच्या चहाच्या गाड्यावर जमायचो. बाकड्यावर बसायचं, जरा वेळ गप राहायचं आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याचं मनगट धरायचं. ज्याची नाडी सगळ्यात संथ, त्याच्या हातात पहिला चहा. स्वतःची नाडी स्वतः मोजलेली चालत नसे, कारण साठी ओलांडलेला माणूस स्वतःच्या तब्येतीबद्दल लई खोटं बोलतो.

कुणीतरी कुठंतरी वाचलं होतं की मोठमोठ्या धावपटूंचं हृदय आरामात असताना अगदी सावकाश ठोके देतं. तेवढं आम्हाला पुरलं. हृदय तगडं झालं की संथ होतं, तसंच ते थकलं तरी संथ होतं, हा दुसरा भाग कुणी वाचला नव्हता. जवळजवळ वर्षभर पहिला चहा माझ्याकडे होता. मी तो सगळ्यांकडे बघत बघत, घोट घोट प्यायचो. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

हे लिहितोय ते आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे उतारवयात बूट बांधून रस्त्यावर आलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. यात औषधांची नावं सापडणार नाहीत. ती डॉक्टरला विचारा. मला जे भोगावं लागलं आणि मी जे केलं, तेवढंच सांगतो.

चार तासांच्या आत

मी प्रल्हाद. नांदेडला पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. पंचावन्नाव्या वर्षी साखर निघाली म्हणून पळायला लागलो आणि मग साखर राहिली बाजूला, पळणंच अंगात शिरलं.

नांदेड आणि लातूर मिळून आमचा एक गट आहे. पासष्टीच्या पुढच्या पुरुषांनी पूर्ण मॅरेथॉन किती वेळात पळली, याची आमची आमची नोंद असते. जगाला तिचं काही पडलेलं नाही. पण आम्हाला ती जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीएवढी मोठी. पहिला विक्रम उदगीरच्या एका आडत दुकानदाराचा होता, पाच तासांच्या थोडा आत. तो मोडला लातूरच्या मुकुंदाने. मुकुंदाने तो पुढे स्वतःच दोनदा मोडला आणि सव्वाचारवर आणून ठेवला. लोक म्हणायचे, आता हा दगडावर कोरला.

मुकुंदा लातूरला विज्ञानाचा मास्तर होता. अख्खं लातूर त्याला सर म्हणतं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण सोबत पळताना अहो-जाहो टिकत नाही. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही अरे-तुरेवर आलो. त्याचं घर जुन्या वळणाचं, सोवळ्यातलं म्हणावं असं, आणि माझा आजा छप्पन्न साली दीक्षा घेतलेला. शालिनीवहिनींच्या स्वयंपाकघरात पाट मांडून मी किती वेळा जेवलो असेन त्याला गणती नाही. आमच्यात हा विषय कधी निघाला नाही, निघायची गरजही पडली नाही. माणूस कसा पळतो, एवढंच आम्ही एकमेकांचं बघत आलो.

सदुसष्टाव्या वर्षी लातूरच्या हिवाळी शर्यतीत मी मुकुंदाचा विक्रम मोडला. चार तासांच्या आत आलो. असा आमच्यातला मी पहिलाच. त्या दिवशी एक गडबड झाली होती. जिथून माघारी फिरायचं त्या लांबच्या वळणावर जो स्वयंसेवक उभा करतात तो थंडीने कुडकुडत शेकोटीकडे गेला होता, त्यामुळे मी वळताना तिथं कुणीच नव्हतं. नंतर कुणीतरी कुरबुर केली. तेव्हा मुकुंदा सगळ्यांसमोर म्हणाला, "प्रल्हाद वळला म्हणला म्हणजे वळला. पुढं बोलायचं न्हाई." त्याचाच विक्रम गेला होता आणि तोच माझ्या बाजूने उभा राहिला. विषय तिथं मिटला.

पडलो तो दिवस

त्यानंतरच्या वर्षी मी मंदावलो. चढावर पाय उचलेनात. माहूरच्या घाटात सरावाला गेलो तर निम्म्यातच डोळ्यांपुढं अंधारी आली, रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिलो. सोबतचे म्हणाले, वय झालं. मीही म्हणलं, वय झालं. नाडी मात्र उतरतच होती आणि त्याचा मला आनंद होता. बायको, सुमन, दोनदा म्हणाली, "अहो, चेहरा बघा आरशात, राखेसारखा झालाय." मी तिला खेळाडूचं हृदय म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आयुष्यभर धरणाची गळती शोधली आणि घरच्या गळतीवर भाषण ठोकलं.

एका सकाळी न्हाणीत तोंड धूत होतो. पुढचं आठवतंय ते हे, की सुमन दार बडवून राहिली होती आणि माझा गाल ओल्या फरशीला चिकटलेला होता. मी आतून कडी लावलेली. ती काढायला हात वर जाईना. शेवटी शेजारच्यांनी दार उचकटलं.

दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टर पोरसवदा होता, माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. त्याने कागद दोनदा पाहिला आणि विचारलं, "काका, नाडी कमी आहे हे माहीत होतं?" मी झोपल्या झोपल्या सांगितलं, "हाव, मी मॅरेथॉन पळतो. आमच्यात सगळ्यात कमी माझीच हाय." तो माझ्याकडे बघत राहिला. हसला असता तरी चाललं असतं. त्याने सिस्टरला हाक मारून चाकांची खुर्ची मागवली आणि मला पायी एक पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही.

त्याने समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं: कालव्याला पाणी आहे, पण शेताकडं जाणारी चारी तुंबली. ठोका दे म्हणून वरून निरोप निघतो, तो खाली पोचतच नाही. कधी पोचतो, कधी न्हाई. जेव्हा पोचत नाही तेव्हा मी पडतो. एखाद्या वेळी पडलो ते उठणार नाही. ठोके देणारं यंत्र, पेसमेकर, बसवावं लागेल.

मी विचारलं, "पळता येईल?" सुमन पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला आणि बाहेर निघून गेली.

आयसीयूतले दिवस

तिथं दिवस कळत नाही, वेळ कळत नाही, फक्त पडद्यावरची रेघ कळते. पक्कं यंत्र बसेपर्यंत मांडीतून एक तार आत घातलेली, तिच्यावर माझं सगळं चाललेलं. पाय हलवायचा नाही. ज्या पायांनी मी चार तास पळलो, त्यातला एक पाय हलवायची मला बंदी होती. मी त्या रेघेकडे बघत पडायचो आणि मनात म्हणायचो, आता पुढचा ठोका येणार की न्हाई? भीती अशी असते हे मला ठाऊक नव्हतं. पोटात गोळा वगैरे काही नाही. नुसता कंटाळा आल्यासारखं वाटतं, आणि रडू येतं, आणि का येतं ते सांगता येत नाही.

शेजारच्या पलंगावर किनवटकडचा एक माणूस होता, माझ्याच वयाचा. सकाळी सिस्टर रक्त काढायला आली की तो मला म्हणायचा, "घ्या, आल्या दूध काढायला." एवढाच विनोद, रोज तोच. मी रोज हसायचो. एका दुपारी मला तपासणीला नेलं आणि परत आणलं तेव्हा त्याच्या पलंगावर नवी चादर अंथरलेली होती. 

चांगलं काय आठवतं तर तिथल्या मावशी. झाडलोट करणाऱ्या. त्यांनी एकदा स्वतःहून ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं, केस विंचरले आणि म्हणाल्या, "मालकीणबाई यायच्या वेळंला जरा माणसात दिसा." सुमन आली तेव्हा तिला खरंच बरं वाटलं. घरून ज्वारीच्या कण्यांची ताकातली पातळ पेज आणायची ती. दोन चमचे गेले तरी तिचे डोळे भरायचे.

यंत्र बसलं. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं. डॉक्टर म्हणाले, ठोका आता चुकणार नाही. पण हृदयाचा स्नायूही थोडा खराब झालाय, इतके दिवस ओढत राहिल्यामुळे. चाला, रोज चाला. लांब पळणं विसरा. मॅरेथॉन तर नाहीच.

मी "बरं" म्हणलं. लोक म्हणतात जीव वाचला हे काय कमी आहे. कमी नाही. पण मला ते त्या वेळी पुरेसं वाटलं नाही, हेही खरं आहे.

मुकुंदाचं मनगट

मुकुंदा लातूरहून पहिल्या एसटीने आला आणि दिवसभर उशाशी बसून राहिला. डाव्या हाताची झोळी केलेली होती माझ्या. तो पेपर वाचून दाखवत होता, मधेच शिव्या घालत होता, मधेच म्हणायचा, "लेका, तू बरा हो, मग तुझा विक्रम मोडतो. आजाऱ्याचा मोडण्यात मजा न्हाई."

त्याचा हात माझ्या पलंगावर होता. सवयीने मी त्याचं मनगट धरलं. नाडी लागली. एक, दोन, तीन. मग काहीच नाही. मी बोट घट्ट केलं. वाटलं, माझंच बोट चुकलं. मग एक मोठा ठोका आला, दचकल्यासारखा. परत दोन, आणि परत खंड.

मुकुंदाने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला. "काय, पहिला चहा माझा ना आता?"

मी त्याचं मनगट सोडलं नाही. म्हणलं, "मुकुंदा, इथंच खाली ईसीजी काढतात. आत्ता जा."

"हाव, काढू की. शर्यत झाल्यावर."

त्याच्याबरोबर आलेल्या शालिनीवहिनी दाराशी होत्या. त्यांनी मला हळूच सांगितलं की गेल्या महिन्यात तुळशीला पाणी घालता घालता हे भिंतीला टेकले आणि तांब्या हातातून गेला. विचारलं तर म्हणाले, ऊन लागलं. सकाळी सहाला कसलं ऊन?

हिवाळी शर्यत तीन महिन्यांवर होती. मुकुंदा सत्तरीला आलेला. माझा वेळ मोडायचा आणि बूट खुंटीला अडकवायचे, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सराव असा चालू होता की पंचविशीतला पोरगा लाजावा.

घरी आल्यावर मी रोज फोन केला. आधी विनवलं, मग रागावलो, मग वहिनींकडून सांगून पाहिलं. त्याचं एकच: शर्यत झाल्यावर. शेवटी एक दिवस त्याचा आवाज बदलला. "प्रल्हाद, तू माझा विक्रम मोडलास तवा मी तुला अडवलं का? उलट तुझ्यासाठी भांडलो. आता माझी पाळी आली तर तू दवाखाना काढून राहिला. कामून?"

मी फोन ठेवून दिला. गटातही तीच कुजबुज चालू होती. म्हाताऱ्याला यंत्र बसलं, आता दुसऱ्यानं पळू नये असं वाटतं त्याला. आणि खरं सांगू? जळत मीही होतोच. अंगणात दोन फेऱ्या मारून पायरीवर बसायचो आणि मुकुंदा आत्ता बार्शी रोडला पळत असेल, असा विचार आला की तोंड कडू व्हायचं. माझ्याच मनात काळं होतं तर लोकांना काय म्हणू? पण ते काळं होतं म्हणून त्याच्या नाडीतला खंड खोटा होत नव्हता.

घरातही धड नव्हतं. सुमनने माझे बूट लोखंडी कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. न्हाणीचं दार लावू देईना. मी आत असलो की बाहेर पाटावर बसून राहायची, आणि मी ओरडलो की तिथूनच म्हणायची, "ओरडा. ओरडलात की कळतं, जिवंत आहात." एकदा तिने भाकरी थापता थापता, वर न बघता, सांगितलं, "तुमच्या पळण्यानं माझं म्हातारपण खाल्लं."  

लातूरचा रविवार

शर्यतीला दोन आठवडे राहिले तेव्हा मी लातूरला गेलो. सुमनला म्हणलं, गटाला भेटून येतो. एसटीत खिडकीला डोकं टेकून सगळ्या वाटेने एकच विचार करत होतो. मुकुंदा माझ्या वेळाच्या मागे आहे. माझा वेळच नसेल तर?

लातूरचे लोकही आमच्यासारखेच चहाच्या गाड्यावर जमतात. मनगटं धरून झाली होती. पहिला चहा मुकुंदाच्या हातात होता. मला बघून तो उठला, मिठी मारली, यंत्राला लागू नये म्हणून एका बाजूने.

मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर जमलं नसतं.

"मला एक सांगायचंय. त्या वर्षी वळणावर कुणी नव्हतं. मी वळणापर्यंत गेलोच न्हाई. अलीकडूनच माघारी फिरलो. तो विक्रम खरा न्हाई. मुकुंदाचाच विक्रम अजून उभा हाय."

 गाडेवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

शर्यतीच्या दिवशी मी पूर्ण पळलो होतो. वळणावर कुणी नव्हतं म्हणून उलट तिथल्या लोखंडी खांबाला हात लावून, थोडं पुढेच जाऊन वळलो होतो. ते थंडगार लोखंड अजून हाताला आठवतं.

मुकुंदाने चहा खाली ठेवला. "खरं बोलून राहिला का?"

"हाव."

"मी तुझ्यासाठी भांडलो तवा?"

"तवा बी मला माहीत होतं."

तो माझ्याकडे बघत होता. मास्तर माणूस, आयुष्यभर पोरांचे चेहरे वाचलेले. मला वाटलं, पकडणार. नाही पकडलं. मी यंत्र बसलेला, गळालेला, पापाला भ्यालेला म्हातारा दिसत असेन. माझं खोटं पटण्यासारखं होतं.

"चोर," तो म्हणाला. मोठ्याने नाही. "चोर निघाला तू." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "माझं नाव काढा त्या शर्यतीतून. असल्याच्या मागं मी जीव काढून राहिलो होतो."

मी परत स्टँडवर आलो. बसमध्ये मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अंग दुखत होतं, ताप आल्यासारखं.

घरी पोचायच्या आधीच बातमी फोनवर पोचली होती. गटातून मला काढलं होतं. प्रज्ञा, माझी मुलगी, घरी येऊन बसलेली. ती शाळेत शिकवते, आवाज चढवत नाही कधी. म्हणाली, "पप्पा, तुम्ही चोरी केली नाही. तुमचा हात धरून वाढलेय मी, मला कळतं. मग का म्हणालात?" मी सांगितलं. ती रडायला लागली. "दुसरा कुठलाही उपाय काढायचा होता. आजोबांनी काय काय ऐकून घेतलं, आपण शिकलो ते कशासाठी? कुणी पुन्हा आपल्याला तो शब्द लावू नये म्हणूनच ना? आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाने तो घेऊन आलात."

तिचं बरोबर होतं.   सुमनने मात्र ताट वाढलं आणि पहिल्यांदाच समोर बसून माझ्याबरोबर जेवली.

शहाळं

शर्यत नाही म्हणल्यावर मुकुंदाकडे सबब उरली नाही. वहिनींनी त्याला त्याच आठवड्यात हाताला धरून नेलं. एक दिवसभर छातीला यंत्र लावून नोंद घेतली आणि त्याला घरी परत पाठवलंच नाही. लातूरच्या डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं, ठोक्यांमध्ये एवढे मोठे खंड असताना हा माणूस हिंडत कसा होता. त्यालाही माझ्यासारखंच यंत्र बसलं.

मी भेटायला गेलो. जायला नको होतं, पण राहवेना. शहाळं घेतलं होतं. तो झोपला होता, डाव्या हाताची झोळी, अगदी माझ्यासारखीच. रंग परत आला होता तोंडावर. मला एवढा आनंद झाला की मी दारातच थांबलो.

त्याने मला पाहिलं. शहाळं पाहिलं. "ते घेऊन जा," म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी घेऊन आलो. आमच्या घरात असं "घेऊन जा" ऐकलेली माणसं होऊन गेलीत. मुकुंदाच्या मनात तसलं काही नव्हतं, तो चोराच्या हातचं नाकारत होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी जिन्यावर कठड्याला धरून मी खाली बसलो. अंगाला एवढे बारकावे कळत नाहीत. वहिनी मागून आल्या. शेजारच्या पायरीवर बसल्या, माझ्या हातातलं शहाळं काढून घेतलं.

"भाऊजी, तुम्ही पळला होता ना सगळं?"

मी मान खाली घातली.  त्या पदराने डोळे पुसून वर गेल्या.

त्यानंतर

चार वर्षं मुकुंदा माझ्याशी बोलला नाही. दोन लग्नांत आम्ही एकाच मांडवात होतो, एका मयतीलाही समोरासमोर आलो. तो उठून दुसरीकडे जायचा. माझा फोन त्याने कधी उचलला नाही. नांदेडच्या गाड्यावर मला कुणी या म्हणत नव्हतं आणि मीही जात नव्हतो. सकाळी एकटाच नदीकडे चालायला जातो. जुने सोबती पळत जवळून जातात, एखादा हात करतो, बाकीचे घड्याळात बघतात.

आजारपणात शरीराचं जे होतं ते होतं. त्याची सवय होते. यंत्र आत आहे हे मी आता विसरतो, कुशीवर वळताना कधी टोचलं तर आठवतं. पण सोबतीची माणसं गेली ती जागा भरत नाही. जे आजारी आहेत त्यांना एवढंच सांगेन, माणसं जपा. मला जमलं नाही आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. आणि जे पळतात त्यांनी नाडी संथ झाली तर चहा पिण्याआधी ईसीजी काढा. तगडं हृदय असेल तर डॉक्टर तसं सांगतील. तुम्ही ठरवू नका.

गेल्या हिवाळ्यात नायगावकडच्या एका निवृत्त पोस्टमनने पासष्टीच्या पुढचा विक्रम मोडला. मुकुंदाचा तर मोडलाच, माझ्या त्या जुन्या वेळाच्याही बराच पुढे गेला. म्हणजे आता आम्ही दोघंही त्या रांगेत मागे पडलो. मी खरं बोललो तरी कुणाचं काही जात नाही आणि मला काही परत मिळत नाही. म्हणून सुमन म्हणाली, "आता लिहा. मला चोराची बायको म्हणून मरायचं न्हाई."

लिहून झालं. वर वाचलंत ते सगळं, शहाळ्यापर्यंत. ते छापायला देण्याआधी मी मुकुंदाला पाठवलं, कारण त्यात त्याचं आयुष्य आहे. बरेच दिवस काही आलं नाही. मग एका सकाळी त्याचा फोन आला. चार वर्षांनी आवाज ऐकला. म्हातारा झाला होता आवाज.

"पूर्ण पळला होतास?"

"हाव."

"खांबाला हात लावला?"

"लावला."

 त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते बोललो. दवाखान्यात तोंड फिरवलं. त्या मांडवातून उठून गेलो. तुझ्या जिवावर जगून राहिलो आणि तुलाच..." मग एकदम म्हणाला, "छापू नको रे हे. लोक मला काय म्हणतील?"

मी म्हणलं, "बरं. न्हाई छापत."

खरंच छापणार नव्हतो. कागद सुमनच्या हातात दिले, ठेवून दे म्हणलं. तिने ते लोखंडी कपाटात ठेवले.

आठवडा गेला. मग वहिनींचा फोन आला. मागे मुकुंदाचा आवाज येत होता, तो काहीतरी सांगत होता आणि वहिनी ते जसंच्या तसं मला सांगत होत्या. "हे म्हणतात, छापा. आणि हे म्हणतात, मी त्याला चोर म्हणलो ते गाळू नका. शहाळं परत पाठवलं तेबी तसंच राहू द्या. त्यातलं एक अक्षर बदललं तर मी नांदेडला येणार न्हाई."

मी काहीच बदललेलं नाही.